उतारावरील जोते : कृती आणि परिभाषा

१

कोकणपट्टीत घरामागची जमीन सपाट असणे हा अपवाद होय. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीकाठापर्यंत उतरत जाणाऱ्या ह्या प्रदेशात वाडी वसते ती बहुधा टेकडीच्या कुशीत, आणि परसदार उतरत्या जमिनीवर असते. अशा परसात अवजारांसाठी, गवतासाठी किंवा सुकलेल्या नारळांसाठी एखादा मांगर उभा करावयाचा झाल्यास पहिला प्रश्न भिंतींचा नसतो, छपराचाही नसतो. मांगर ज्यावर उभा राहावयाचा ते जोते समपातळीत कसे आणावे, हा असतो.

प्रस्तुत लेखात ह्या कामाची उकल करावयाची आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने असा विषय का निवडावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, व्यवसायांची परिभाषा गोळा करण्याचे काम आपल्या विभागांतून अनेक वेळा हाती घेतले जाते, परंतु त्या संग्रहांत नामांचा भरणा असतो आणि क्रियापदांचा दुष्काळ असतो. हत्याराचे नाव नोंदले जाते. त्या हत्याराने काय साधावयाचे आणि ते न साधल्यास काय बिघडते, हे नोंदायचे राहून जाते. गवंड्याची भाषा ही कामाच्या ओघात बोलली जाणारी भाषा आहे. ते काम समजल्याखेरीज तिचे अर्थ समजत नाहीत, हे एका लहान उदाहरणाने दाखवावे, एवढाच येथे हेतू आहे.

उदाहरणासाठी ४ मीटर लांब व ३ मीटर रुंद असा मांगर घेऊ. जमिनीचा उतार आठास एक, म्हणजे ८ मीटर आडव्या अंतरात १ मीटर इतका आहे असे समजू.

२

प्रथम ‘सपाट’ आणि ‘समपातळीतील’ ह्या दोन कल्पनांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. उतरते छप्पर सपाट असू शकते, पण ते समपातळीत नसते. सपाटपणा हा पृष्ठाचा स्वतःचा गुण आहे. पातळी हे त्या पृष्ठाचे गुरुत्वाच्या दिशेशी असलेले नाते आहे. हे नाते डोळ्यांना कळत नाही, आणि उतारावर तर डोळा हमखास फसतो. कारण सभोवतालची सर्वच जमीन कललेली असल्याने कललेले पृष्ठच सरळ वाटू लागते. म्हणून साक्ष काढावी लागते ती पाण्याची.

हे जुने ज्ञान आहे. सूर्यसिद्धान्ताच्या तिसऱ्या अध्यायात शंकूची छाया मोजण्यासाठी जी भूमी सांगितली आहे, ती पाण्याने पारखून सम केलेली शिळा असावी, असे विधान आहे. मराठीतील ‘पाणसळ’ हा शब्दही हीच साक्ष जपतो. पाणवठा, पाणथळ, पाणलोट ह्या सामासिक शब्दांत ‘पाणी’ ह्या पदाचे जे रूप दिसते तेच येथे पूर्वपदी आहे. आज बाजारात मिळणारी बुडबुड्याची काचनळी बसवलेली पट्टी हीही पाणसळच होय. इंग्रजीतील ‘लेव्हल’ हा शब्द मात्र लॅटिनमधील तराजूवाचक शब्दाच्या लघुत्वदर्शक रूपापासून आलेला आहे. एकच कल्पना एका भाषेने पाण्याकडे पाहून व्यक्त केली, तर दुसरीने तराजूच्या आडव्या दांडीकडे पाहून.

तीन-चार मीटर अंतरावर पातळी नेण्यास लहान पट्टी पुरत नाही. तिची अल्पशी चूक अंतराबरोबर वाढत जाते. तेथे पाण्याने भरलेली पारदर्शक नळी वापरतात. नळीची दोन्ही तोंडे उघडी असली आणि आत हवेचा बुडबुडा अडकलेला नसला, तर दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, मग मधली नळी कितीही वेडीवाकडी पडलेली असो. एक टोक चढाकडील खुंटीशी व दुसरे उताराकडील खुंटीशी धरून पाणी स्थिरावल्यावर दोन्हीकडे खुणा करावयाच्या, आणि प्रत्येक खुणेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावयाचे. ह्या दोन मापांतील फरक म्हणजे त्या दोन बिंदूंतील उंचीचा फरक. आपल्या उदाहरणात ३ मीटर अंतरावर तो ३७.५ सेंटिमीटर भरेल.

ह्या क्रियेला गवंडी आज ‘लेव्हल काढणे’ म्हणतो. शब्द परका असला तरी त्याचा संसार सर्वस्वी मराठी आहे. लेव्हल घेतली जाते, काढली जाते, चुकते, आणि काम लेव्हलला आणले जाते. शब्दाला स्त्रीलिंग मिळाले ते ‘पातळी’ आणि ‘पाणसळ’ ह्यांच्या सहवासाने, असे मानण्यास जागा आहे. तेव्हा असा शब्द पाहून नाक मुरडण्यापेक्षा त्याचे लिंग, विभक्ती आणि क्रियापदांशी असलेले संबंध नोंदणे अधिक उपयुक्त ठरेल.

३

पातळी समजल्यावर आखणी येते. शक्य असेल तर मांगराची लांब बाजू उताराला आडवी ठेवावी, म्हणजे उंचीचा फरक कमी पडतो. ४ मीटरची बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर हा फरक ५० सेंटिमीटर होईल. ३ मीटरची ठेवली तर वर सांगितल्याप्रमाणे ३७.५. चारही कोपऱ्यांच्या खुंट्या खोदाईत निघून जाणार, हे लक्षात घेऊन प्रत्येक बाजूची दोरी कोपऱ्यापलीकडे मीटरभर वाढवून खुंट्या बाहेर ठोकाव्यात. जोत्याच्या माथ्याची खूणही अशाच एका न हलणाऱ्या खुंटीवर किंवा झाडावर करून ठेवावी. पुढील सर्व मापे ह्या एका खुणेवरून घ्यावयाची असतात.

उतारावर मापे घेताना एक चूक वारंवार होते. फीत जमिनीवर टाकून ३ मीटर मोजले तर प्रत्यक्ष आडवे अंतर सुमारे २ सेंटिमीटरने कमी भरते, कारण मोजली गेली ती तिरकी बाजू. फीत आडवी ताणून तिच्या टोकाकडून ओळंबा सोडला, तरच जमिनीवर योग्य बिंदू मिळतो. कोपरा काटकोनात आहे की नाही हे पाहण्यासाठी कर्ण मोजतात. आपल्या मांगराच्या बाजू ३ व ४ मीटर असल्याने कर्ण बरोबर ५ मीटर भरला पाहिजे, आणि दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. ३, ४, ५ हे त्रिकूट यज्ञवेदीच्या आखणीसाठी शुल्बसूत्रांत वापरलेले आहे, आणि आयताच्या कर्णाविषयीचा सर्वसाधारण नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलेला आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी. ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’ ह्या दोरी धरणाऱ्या माणसाच्या नावापासून आला आहे. आखणीच्या दोरीला आजही सूत म्हणतात, ते उगाच नव्हे.

गवंड्याच्या पिशवीतील तीन साधने एकत्र पाहिली म्हणजे मराठी शब्दसंग्रहाचे तीन थर एका जागी दिसतात. ‘ओळंबा’ हा संस्कृत ‘अवलंब’पासून नियमित ध्वनिपरिवर्तनाने आलेला तद्भव शब्द होय. आरंभीच्या ‘अव’चा ‘ओ’ झाला, जसा ‘लवण’पासून ‘लोणचे’ ह्यात झाला आहे, आणि दोन स्वरांमधील ‘ल’चा ‘ळ’ झाला. ‘गुण्या’ हा फार्सीमार्गे आला असून त्याचे मूळ ग्रीकमधील कोनवाचक शब्दात आहे. गुण किंवा गुण्यागोविंद ह्यांच्याशी त्याचा कसलाही संबंध नाही. ‘पाणसळ’ ही घरची घडण आहे. उभे, काटकोनी आणि आडवे ह्या तीन दिशा तीन वेगवेगळ्या वाटांनी भाषेत आल्या, पण वापरात त्या एका साच्यात बसल्या आहेत. भिंत ओळंब्यात असते, कोपरा गुण्यात असतो, जोते लेव्हलमध्ये असते. साधनवाचक नामाला सप्तमीचा प्रत्यय किंवा तदर्थी शब्दयोगी अव्यय लावून अचूकतेची स्थिती दाखविण्याची ही रीत व्याकरणकारांनी लक्ष द्यावे अशी आहे.

४

आता मुख्य काम. उतारावर समपातळीची जागा तीन प्रकारे मिळते. पहिला प्रकार म्हणजे चढाकडील सर्व माती खणून काढणे. दुसऱ्या प्रकारात वरच्या अर्ध्यात खणून निघालेली माती खालच्या अर्ध्यात भरतात. तिसऱ्या प्रकारात जमीन तशीच ठेवून चिऱ्यांचे जोतेच उताराकडे अधिक उंच बांधतात.

आपल्या मांगरासाठी पहिल्या प्रकारात २.२५ घनमीटर माती खणावी लागेल. दुसऱ्या प्रकारात वरच्या कडेला १८.७५ सेंटिमीटर खोली पुरते, आणि खोदाई सुमारे ०.५६ घनमीटर, म्हणजे पहिलीच्या एक-चतुर्थांश होते. हा हिशेब मोहक आहे. परंतु त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या नाहीत. एक म्हणजे पालापाचोळा आणि मुळे मिसळलेली वरची १५ ते २० सेंटिमीटर माती. ती भरावाला निरुपयोगी असते, कारण तिच्यातील सेंद्रिय भाग कुजतो आणि जागा रिकामी होते. ही माती आधी सर्व जागेवरून काढून माडाच्या आळ्यात टाकावी, आणि खोदाईचा हिशेब त्यानंतर उरलेल्या पृष्ठावरून करावा. दुसरी गोष्ट म्हणजे खणलेली जमीन आणि भरलेली जमीन ह्या दिसावयास सारख्या असल्या तरी वागावयास सारख्या नसतात.

येथे ‘बसणे’ हे क्रियापद येते. खणलेल्या मातीत पोकळ्या निर्माण होतात. म्हणूनच खड्ड्यातून काढलेली माती सैल टाकली तर त्याच खड्ड्यात मावत नाही. ह्या पोकळ्या वजनाने व पावसाच्या पाण्याने हळूहळू मिटतात आणि पृष्ठ खाली जाते. त्याला भराव बसणे म्हणतात. बसणे हा दोष नव्हे. प्रत्येक भराव बसतोच. प्रश्न एवढाच की तो जोते बांधण्यापूर्वी बसावा की नंतर. तो आधी बसावा म्हणून माती १५ सेंटिमीटरांच्या थरांनी पसरतात, प्रत्येक थरावर पाणी शिंपडतात आणि धुमसाने चोपतात. पाणी किती, ह्याची कसोटी सोपी आहे. मूठभर मातीचा लाडू वळला गेला पाहिजे, पण दाबल्यावर बोटांतून पाणी गळता कामा नये. कोरडी माती चोपली तर उडते, चिखल चोपला तर नुसता इकडून तिकडे सरकतो. भरावासाठी मुरूम मिळाल्यास उत्तम, चिकणमाती टाळावी.

‘बसणे’चे प्रयोजक रूप ‘बसवणे’. चिरा बसवतात, फरशी बसवतात. आपोआप घडणारी क्रिया आणि हेतुपूर्वक घडवलेली क्रिया एकाच धातूने सांगितल्या जातात, आणि चांगल्या कामाचे रहस्य पहिलीला दुसरीत आणण्यात आहे.

जे जोते अर्धे मूळ जमिनीवर आणि अर्धे कच्च्या भरावावर असते, त्याचा अर्धा भाग जागच्या जागी राहतो आणि अर्धा खाली जातो. अशा वेळी तडा जातो तो नेमका खोदाई व भराव ह्यांच्या सीमेवर. भाषेतील भेदही येथे पाहण्यासारखा आहे. जमिनीला भेग पडते, भिंतीला तडा जातो. उन्हाळ्यात वाळलेल्या शेताची भेग पहिल्या पावसात मिटते. तड्याला तसा उपाय नसतो. ह्या कारणास्तव, मांगर लहान असेल आणि माती टाकण्यास जागा असेल, तर अधिक श्रमाचा पहिला प्रकारच श्रेयस्कर ठरतो. कातळ वर आलेला असेल तर तिसरा प्रकार घ्यावा. मात्र त्यात पायाचा तळ उताराला समांतर ठेवू नये. तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावा आणि प्रत्येक पायरी समपातळीत असावी.

५

‘बसणे’ ह्या क्रियापदाशेजारी आणखी तीन क्रियापदे ठेवली म्हणजे उतारावरील बांधकामाच्या दोषांची पूर्ण यादी हाती येते.

‘खचणे’ म्हणजे भाराखाली जमिनीने अंग टाकणे. पाया खचतो तो बहुधा पाणी मुरून खालची माती मऊ झाल्यामुळे. बसणे हळू असते. खचणे एका पावसाळ्यात, कधी एका रात्रीत होते. बसणे चांगलेही असू शकते, खचणे कधीही चांगले नसते. माणूस मनाने खचतो असे आपण म्हणतो, मनाने बसतो असे म्हणत नाही, तेही ह्याच भेदामुळे.

‘सरकणे’ ही आडवी गती आहे. उतरत्या पृष्ठावर तशीच माती ओतली तर जुनी जमीन व नवा भराव ह्यांच्यामध्ये एक तिरके पृष्ठ राहते, आणि ओल पोहोचताच सबंध भराव त्यावरून खाली सरकू पाहतो. त्यावरील उपाय असा की, भराव टाकण्यापूर्वी मूळ उतारावर पायऱ्या खोदाव्यात. प्रत्येक पायरी आडवी असल्याने भरावाचे वजन खाली जाते, बाजूला जात नाही. हे काम भराव टाकल्यावर झाकले जाते आणि कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच ते टाळले जाते.

‘फुगणे’ हे भरावाला थोपवणाऱ्या भिंतीचे दुखणे. भिंतीमागे पाणी साचले की मातीचा दाब आणि पाण्याचा दाब एकत्र येतात आणि भिंत मध्यभागी बाहेर येते. कोकणातला दगडांचा गडगा ह्या बाबतीत शहाणा आहे. त्यात चुना-सिमेंट नसल्याने प्रत्येक फटीतून पाणी निघून जाते. गडग्याची तळाची रुंदी त्याच्या उंचीच्या निम्म्याच्या आसपास ठेवावी, त्याचे तोंड किंचित मागे झुकवावे, आणि मध्ये मध्ये आरपार जाणारे लांब दगड घालावेत. भिंत चुन्या-सिमेंटात बांधावयाची असेल तर तिच्यात पाण्यासाठी भोके ठेवावीत आणि मागे खडीचा थर घालावा. पक्की भिंत बांधून दरजा घट्ट भरल्या आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तर ती भिंत गडग्यापेक्षा दुबळी ठरते. (‘दरज’ हा शब्द फार्सीत शिवणीचा वाचक असून ‘दर्जी’ त्याच घरातला आहे.) मीटरपेक्षा उंच भिंत लागत असेल तर तो विषय परसातल्या कामाचा राहत नाही, तेथे स्थापत्यविशारदाचा सल्ला घेणे अवश्य आहे.

६

बसणे वगळता हे सर्व दोष मुख्यतः पाण्यामुळे होतात, आणि बसण्यालाही पाणी हातभार लावते. कोकणात वर्षाकाठी सामान्यतः २,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. आपल्या मांगराचे छप्पर केवळ १२ चौरस मीटरांचे धरले तरी त्यावरून एका पावसाळ्यात ३०,००० लिटर पाणी पागोळ्यांनी जोत्याच्या कडेला पडेल. चढावरून वाहत येणारे पाणी ह्याहून निराळे.

म्हणून चढाच्या बाजूस, जोत्यापासून अर्धा-पाऊण मीटर दूर, एक चर खणावा. त्याला शंभरास एक इतका तरी उतार द्यावा आणि तो दोन्ही बाजूंनी वळवून जोत्याच्या खालच्या अंगाला, भरावापासून दूर, मोकळा सोडावा. पागोळीखाली दगड पसरावेत, म्हणजे थेंबांनी माती उकरली जात नाही. जोत्याचा माथा चढाकडील जमिनीपेक्षा निदान ३० सेंटिमीटर उंच असावा. हे सर्व आगोटीपूर्वी पुरे व्हावे. एक पावसाळा नुसता भराव उघडा ठेवून पुढील हिवाळ्यात जोते बांधणे ज्यास परवडेल, त्याने तसे जरूर करावे.

उतार कापताना आणखी एक विवेक पाळला पाहिजे. डोंगराचा पायथा हा वरच्या मातीचा आधार असतो. तो कापला की वरचा भार निराधार होतो. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे कोसळलेल्या दरडींची कारणे अनेक व व्यापक आहेत, आणि परसातल्या खोदाईशी त्यांची तुलना होऊ शकत नाही. परंतु अतिवृष्टीत उतार कसा वागतो, ह्याचे विस्मरण त्या घटनांनंतर कोणासही परवडणारे नाही. ज्या चढावर झाडे कललेली आहेत, नव्या भेगा पडल्या आहेत किंवा पूर्वी नसलेले झरे फुटले आहेत, त्याच्या पायथ्याशी खणू नये आणि मांगरही बांधू नये.

७

उरलेले काम सरळ आहे. चोपलेल्या पृष्ठावर दगडांची १५ सेंटिमीटर जाडीची सोलिंग रचावी, फटी मुरुमाने भरून पुन्हा चोपावे, आणि वर १० सेंटिमीटर काँक्रीटचा थर घालावा. कडेला जांभ्याचे चिरे लावल्यास उत्तम. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हत्याराने सहज घडवता येतो, आणि उघड्यावर राहिल्यावर कठीण होतो. ह्या गुणामुळेच विटेप्रमाणे कापले जाणाऱ्या ह्या दगडाला फ्रान्सिस ब्युकानन ह्याने १८०७ साली लॅटिनमधील वीटवाचक शब्दावरून ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. शेवटी नळीने चारही कोपरे आणि मध्यबिंदू पुन्हा तपासावेत.

८

मोल्सवर्थच्या कोशाने (दुसरी आवृत्ती, १८५७) आणि पुढे महाराष्ट्र शब्दकोशाने कारागिरांचे शब्द मोठ्या संख्येने टिपले, हे त्यांचे उपकार आहेत. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शास्त्रीय परिभाषेचे कोश सिद्ध केले, हेही तितकेच महत्त्वाचे. परंतु कोशातील नोंद शब्द जपते. दोन शब्दांमधील सीमारेषा तिला बहुधा जपता येत नाही. बसणे, खचणे, सरकणे आणि फुगणे ह्या चार क्रियापदांना ‘खराब होणे’ ह्या एकाच शब्दप्रयोगाने बदलून टाकले, तर वाक्याचा स्थूल अर्थ राहतो, पण दोषाचे कारण कोणते आणि उपाय कोणता हे सांगण्याची शक्ती नाहीशी होते. एकाला धुमस हवा, दुसऱ्याला चर हवा, तिसऱ्याला पायऱ्या हव्यात, चौथ्याला भिंतीतून पाण्याची वाट हवी.

ही परिभाषा ज्यांच्या तोंडी आहे ती पिढी आता उतारवयात आहे. यंत्राने अर्ध्या दिवसात सपाट केलेल्या जागेवर तिचा उपयोग कोणी विचारीत नाही. क्षेत्रीय अभ्यासास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी म्हणून प्रश्नावलीचा क्रम बदलावा, अशी सूचना करावीशी वाटते. ‘ह्याला काय म्हणतात’ हा प्रश्न नंतर यावा. ‘हे असे न केल्यास काय होते’ हा आधी यावा. पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एक नाम मिळेल. दुसऱ्याच्या उत्तरात क्रियापदे मिळतील, त्यांचे परस्परांतील भेद मिळतील, आणि एखादे जोते पहिल्या पावसात का टिकले वा का टिकले नाही, ह्याचे कारणही मिळेल.